टण की ठक

कानसेन मिस्त्रीला आईबापांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी तो कानसेन. तानसेन होणं नशिबात नसलं तर माणसानं निदान कानसेन तरी व्हावं असं म्हणतात, ते गाण्याच्या बाबतीत. यानं ते मोटारींच्या बाबतीत करून दाखवलं होतं. गाडी अजून कोपऱ्यावर वळत असायची आणि हा हातातला चहाचा कप खाली न ठेवता म्हणायचा, "मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." चाक उघडलं की बेअरिंग खरोखरच गेलेलं असायचं. गिऱ्हाईक थक्क होऊन त्याच्या कानांकडे बघायचं. कान तसे साधेच होते, जरा बाहेर आलेले आणि पाळीवर कायम ग्रीसचा डाग.

त्याची एक पद्धत होती आणि तिच्यावर त्याचं अख्खं गॅरेज उभं होतं. कुठलंही काम झालं की तो वरच्या खिशातून अंगठ्याएवढी हातोडी काढायचा आणि आवळलेल्या प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर एकेक टिचकी मारायचा. घट्ट बसलेला बोल्ट 'टण' म्हणतो. ढिला राहिलेला 'ठक' म्हणतो. हे त्याला त्याच्या उस्तादानं शिकवलं होतं. उस्ताद म्हणायचा, "पाना हाताला फसवतो. थकलेल्या हाताला ढिला बोल्टही घट्ट लागतो. शेवटी बोल्टलाच विचारायचं. माणूस खोटं बोलेल, बोल्ट बोलणार नाही." तीस वर्षं कानसेन बोल्टांना विचारत आला होता. सगळ्यांनी टण म्हटल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर जात नसे.

आता खरी गोष्ट सांगायची तर गेली चार वर्षं कानसेनला नीट ऐकू येत नव्हतं.

हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. ठाऊक होतं. पण कानांचं दुखणं मोठं लबाड असतं. डोळे गेले तर माणूस धडपडतो आणि चारचौघांना कळतं. कान जातात तेव्हा आपल्याला काही झालंय असं वाटतच नाही, समोरचाच पुटपुटतोय असं वाटतं. पहिलं वर्ष कानसेननं या समजुतीवर काढलं. बायको म्हणायची, "मी काय भिंतीशी बोलतेय?" तो म्हणायचा, "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस." इंजिनाची घरघर, सायलेन्सरची फडफड असे जाडेभरडे आवाज अजून येत होते. गेले होते ते बारीक. त्यांच्या जागी कानात एक रातकिडा येऊन बसला होता आणि तो दिवसभर किणकिणत राहायचा. त्याचीही सवय झाली.

दुसऱ्या वर्षी त्यानं लोकांच्या ओठांकडे बघायला सुरुवात केली, आणि ओठांवरूनही कळलं नाही तर नंदीबैलासारखी मान डोलवायला. "हो हो. बरोबर." या तीन शब्दांवर माणूस किती दिवस निभावून नेऊ शकतो ते बघितलं तर थक्क व्हायला होतं. डॉक्टरकडे जायची त्याला लाज वाटायची. कानसेननं कान तपासायला जायचं म्हणजे हलवायानं साखर उसनी मागायची. लोक काय म्हणतील, या एका वाक्यानं जगात जेवढी माणसं बहिरी ठेवली असतील, तेवढी कुठल्या रोगानं ठेवली नसतील.

अशा दिवसांत टेलिफोनबाई आपली पांढरी गाडी घेऊन आल्या.

टेलिफोनबाईंनी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. आता सत्तरी आली होती, नोकरी संपून बारा वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या मुलाच्या कुटुंबात राहायच्या आणि घरात स्वतःची म्हणावी अशी त्यांची एकच चीज होती, ती म्हणजे ही गाडी. दर गुरुवारी त्या एकट्या गाडी काढून नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात धाकट्या बहिणीला भेटायला जायच्या. बहिणीला आता कुणाची ओळख राहिली नव्हती. चेहरे पुसले गेले होते. पण बाईंनी दारातून हाक मारली की ती मान वर करायची. तेवढ्यासाठी बाई जाऊन-येऊन साठ किलोमीटर गाडी चालवायच्या.

चार महिन्यांपूर्वी कानसेननं त्यांच्या गाडीचा, पुढची चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक खाली उतरवून त्याची गळती काढून दिली होती. आता बाई म्हणत होत्या, "स्टिअरिंगमध्ये आवाज येतो."

"कसला आवाज?"

"कुट्. कुणीतरी एकच बोट मोडावं तसा. डावीकडे वळून चाक परत सरळ करताना येतो. पण दर वेळी नाही. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालली की, आणि हळू असताना." मग त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली. "तारखा लिहिल्यात मी. एकूण अकरा वेळा. एक्स्चेंजमध्ये लाइनवर खरखर आली की आम्ही वेळ टाकून लिहायचो, त्याशिवाय दोष सापडत नाही."

अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मिस्त्रीला शंभरात एक मिळतं. कानसेन त्यांच्या शेजारी बसला आणि बाईंनी गाडी बाजूच्या रस्त्यांवरून फिरवली. शाळेच्या मागच्या वळणावर त्या म्हणाल्या, "आत्ता. झाला. ऐकलात?"

कानसेनला काही ऐकू आलं नव्हतं. रातकिडा तेवढा आला.

"हो हो," तो म्हणाला. "बरोबर."

सगळं बिघडलं ते इथे. त्यानं गॅरेजमध्ये येऊन उगाच दोनचार ठिकाणी ग्रीस भरलं आणि झालं म्हणून सांगितलं. आठवड्यानं बाई परत आल्या, वहीत पाच तारखा वाढवून. तेव्हा त्यानं पुढची दोन्ही चाकं उघडली, बघण्यासारखं सगळं बघितलं आणि पुन्हा ग्रीस भरलं. न ऐकलेला आवाज शोधायचा म्हणजे न बघितलेल्या माणसाला गर्दीत शोधण्यातला प्रकार. तो हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला म्हणू शकला असता, बाबा, तू बस गाडीत आणि ऐक. पण कानसेननं दुसऱ्याचा कान उसना घ्यायचा? छे.

तिसऱ्यांदा बाई आल्या तेव्हा गॅरेजमध्ये मेहुणा होता आणि टायर बदलायला आलेला एक टॅक्सीवाला होता. कानसेन गाडीत पायांशी वाकून आत शिरला आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून खाली रॅकपर्यंत एकेका बोल्टला हातोडीनं विचारत गेला. टण. टण. टण. टण. टण. टण. सगळे टण. तो बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "बघा बाई, सहाच्या सहा घट्ट आहेत."

"चौथा जरा बसका वाजला," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वयाला तसं वाटतं."

"आणि पहिल्या दिवशी? तुम्ही स्वतः ऐकलात ना? हो म्हणालात की."

आता आली का पंचाईत. खोटं बोलल्याचं कबूल करावं तर कान जातो, आणि ऐकलं होतं म्हणावं तर दोष सापडला नाही म्हणून नाव जातं. अशा कोंडीत सापडलेला माणूस समोरच्यावर उलटतो. कानसेननं हसून हातातली हातोडी स्वतःच्या कपाळाला लावली. "बाई, गाडी ठणठणीत आहे. आवाज गाडीत नाही. तो इथे आहे."

टॅक्सीवाला खो खो हसला. बाईंनी कुणाकडे न बघता वही मिटली, पर्समध्ये ठेवली आणि गाडीत जाऊन बसल्या. चेहरा त्यांच्या पांढऱ्या केसांपर्यंत लाल झाला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा ऑफिसला जाता जाता गॅरेजमध्ये आला. चाळिशीचा, सभ्य आणि थकलेला गृहस्थ. तो बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, मला खरं सांगा. आई सारखी आवाज आवाज करते. गेल्या महिन्यात तिनं चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. मावशीचं असंच सुरू झालं होतं हो, म्हणून आम्हाला धास्ती वाटते. आवाज आहे की नाही?"

कानसेननं त्याच्या ओठांवरून शब्द न् शब्द वाचला. हीच वेळ होती. मला ऐकू येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडे मेहुणा पाना घेऊन उभा होता.

"नाही," कानसेन म्हणाला. "भास आहे."

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला," मुलगा म्हणाला आणि वाईट तोंड करून निघून गेला. त्या संध्याकाळी त्यानं आईकडून गाडीची चावी मागून घेतली. पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरकडे नेलं. गाडी तो स्वतः ऑफिसला नेऊ लागला, मोठ्यानं रेडिओ लावून. हे सगळं मेहुण्याला बाजारात कळलं आणि त्यानं गॅरेजमध्ये येऊन सांगितलं. कानसेननं मान डोलावली.

दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी कानसेनच्या बायकोला ताप भरला. त्यानं तिच्या काखेत थर्मामीटर लावलं, ते आकडे दाखवणारं आणि झालं की पिक् पिक् वाजणारं, आणि पलंगाच्या कडेला बसून वाजायची वाट बघू लागला. बराच वेळ बसला. शेवटी बायकोनंच थर्मामीटर काढून त्याच्या हातात दिलं.

"अहो, दोनदा वाजून झालं."

"कधी?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसला होता तेव्हा." मग तिनं तापल्या हातानं थर्मामीटरचं बटण दाबून ते त्याच्या कानाजवळ धरलं. ती धरून होती आणि तो बसून होता. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं की ते वाजतंय.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "मला वाटायचं, आज सांगाल, उद्या सांगाल. तुमच्या नावाला बट्टा लागेल म्हणून मी भावालासुद्धा बोलले नाही."

जी गोष्ट त्यानं घरात चार वर्षं लपवली होती ती घर चार वर्षं त्याच्यासाठी लपवत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ही लाज अजून घरच्या घरात होती. खरी लाज दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

सोमवारी तो गॅरेजमध्ये एका गाडीचं चाक बसवून झाल्यावर नेहमीप्रमाणे हातोडी मारत होता. टण, टण, टण. मेहुणा म्हणाला, "दाजी, ते कशाला ठोकताय? मी अजून आवळलेच नाहीत. नुसते हातानं लावून ठेवलेत."

कानसेननं हातोडी पुन्हा मारली. टण. त्यानं बोटानं बोल्ट फिरवून बघितला, तो गरकन फिरला. त्यानं शेजारच्या टायरवर हातोडी मारली. रबरी टायर. टण. मग तो लाकडी स्टुलाकडे गेला आणि स्टुलावर मारली. स्टूलही टण म्हणालं.

तो त्या स्टुलावरच बसला. हात हातोडी मारत होता आणि कानातला रातकिडा टण म्हणत होता. हाताला सवय होती मारायची, कानाला सवय होती ऐकायची, आणि मध्ये बोल्टला कुणी विचारतच नव्हतं. भास होता तो त्याचा.

"त्या टेलिफोनबाई," तो म्हणाला. "तू होतास त्या दिवशी. चौथा बोल्ट कसा वाजला होता?"

मेहुणा पान्याशी चाळा करत राहिला. "ठक वाजल्यासारखा वाटला होता मला. पण तुम्ही टण म्हणालात. तुमच्यापुढे मी काय बोलणार, दाजी?"

कानसेन तसाच उठला आणि बाईंच्या मुलाच्या ऑफिसवर गेला. चौथा बोल्ट म्हणजे स्टिअरिंगचा दांडा ज्या जॉइंटनं खाली रॅकला धरलेला असतो, त्या जॉइंटचा. तो निघाला तर हातात नुसतं चाक राहतं आणि गाडी स्वतःच्या मर्जीनं जाते. त्या बोल्टवर एक म्हातारी साठ किलोमीटर जात होती, आणि आता तिचा मुलगा रोज जात होता. पांढरी गाडी ऑफिसच्या फाटकाशी उभी दिसली तेव्हा त्यानं तिच्या टपावर हात ठेवून जरा दम खाल्ला.

आता तरी खरं सांगायचं. पण मुलगा हसत बाहेर आला आणि म्हणाला, "काय मिस्त्री, इकडे कुठे?" आणि कानसेनच्या तोंडून निघालं, "रॅकचं काम केलेल्या गाड्या पुन्हा बघून देतोय. फुकट. तासाभरात आणून देतो."

गॅरेजमध्ये आणून त्यानं बोल्टला बोट लावलं. पाना लागलाच नाही. बोल्ट बोटानं फिरला, पुरते दोन आटे. त्यानं तो आवळला, मेहुण्याकडून ठोकून घेतला, मेहुणा टण म्हणाला, तरी त्यानं पुन्हा आवळला आणि वर पांढऱ्या रंगाची खूण केली. तासाभरात गाडी परत उभी. कुणाला काही इजा नाही, कुणाला काही कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यानं मनाला सांगितलं. मनानं ते ऐकून घेतलं, पण पटलं असं काही कळवलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली. मुलगा रजा काढून आईला बहिणीकडे घेऊन चालला होता. बाई शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर. दीड-दोन महिन्यांत त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसू लागल्या होत्या. आत टॅक्सीवाला आपल्या गाडीचे ब्रेक बघून घेत होता, तो मान लांब करून बघू लागला.

"आईला तुमच्याशी बोलायचं होतं," मुलगा म्हणाला.

बाईंनी काच खाली केली आणि सावकाश, एकेक शब्द निवडून त्या बोलल्या. "मिस्त्री, तुमचंच खरं होतं. गोळ्या सुरू केल्या तरी पहिले काही दिवस डॉक्टरकडे जाता-येता आवाज यायचा. गेल्या गुरुवारी एवढ्या लांब जाऊन आलो, एकदाही आला नाही. आजही आला नाही. म्हणजे डोक्यातच होता. मी उगाच तीन-तीनदा येऊन तुमचा वेळ खाल्ला. राग मानू नका."

चार वर्षांत कुणाचं बोलणं त्याला इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले, गुण येतोय तर डोस वाढवू," मुलगा म्हणाला. "आणि गाडी आता विकूनच टाकतो. ठेवून काय करायची?"

"हो हो," कानसेन म्हणाला. "बरोबर."

सवयीनं निघून गेले हो ते शब्द. मुलानं गाडी सुरू केली. कानसेन बघत राहिला. त्यानं बोल्ट आवळला होता तो जीव वाचवायला, आणि त्यासोबत त्या बाईचा खरेपणाही आवळून, वर रंगाची खूण करून बंद केला होता. आवाज होता तोवर ती निदान स्वतःवर विश्वास ठेवू शकत होती. आता तिच्याकडे पुरावासुद्धा उरला नव्हता, आणि ती त्याचीच माफी मागून चालली होती.

त्यानं पुढे होऊन बॉनेटवर पंजा आपटला. "थांबा. गाडी आत घ्या."

"का? काय झालं?"

"आत घ्या म्हणतो ना. बाई, तुम्ही चाकाशी बसा."

बाई गोंधळल्या, पण बसल्या. मुलगा मागे बसला. कानसेन पायांशी वाकून आत शिरला, पांढरी खूण शोधली आणि मोजून दोन आटे बोल्ट ढिला केला, होता तसा. मग बाहेर येऊन तो बाईंच्या खिडकीशी उभा राहिला. "डावीकडे फिरवा. आता हळूच सरळ करा."

बाईंनी चाक फिरवलं आणि सरळ केलं. कानसेनला काही ऐकू आलं नाही. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्याला तिथे दिसलं की आवाज झाला. बाईंचे ओठ घट्ट मिटले. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा सरळ केलं. मग तिसऱ्यांदा. मागच्या सीटवरून मुलगा पुढे वाकला. त्यालाही ऐकू गेलं होतं, रेडिओ बंद होता ना आज.

"हा आवाज खरा आहे," कानसेन म्हणाला. "बोल्ट ढिला होता. रॅक बसवताना मीच ढिला ठेवला. दहा दिवसांपूर्वी फुकट बघतो म्हणून नेऊन गुपचूप आवळला, म्हणून आवाज बंद झाला. गोळ्यांनी नाही. मला चार वर्षं ऐकू येत नाही. त्या दिवशी गाडीत मी काही ऐकलं नव्हतं, उगाच हो म्हणालो होतो."

टॅक्सीवाल्यानं हातातली बिडी खाली टाकली. मेहुणा भिंतीकडे बघू लागला.

"मी म्हटलं होतं, चौथा बसका वाजला," बाई म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात?"

"तुमच्या वयाला तसं वाटतं."

"मोठ्यानं बोला. माझ्या मुलाला ऐकू जाऊ दे."

कानसेन मोठ्यानं बोलला. "आणि भास तुम्हाला नव्हता," तो म्हणाला. "भास मला होता."

बाईंनी दोन्ही हात चाकावरच ठेवले होते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मधले पाच-सहा गुरुवार मी बहिणीकडे गेलेच नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी गेले. दारातून हाक मारली. तिनं मान वर केली नाही. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, मी हाक मारलीच नसेन. मनातल्या मनात मारली असेन. मी तिथे दारात उभी राहून विचार करत बसले, आपण बोललो की नाही बोललो."

चुकलं म्हणावं तर कानसेनला तो शब्द फार लहान वाटला. मुलगा मागे बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता. थोड्या वेळानं तो उतरला, पुढच्या दारापाशी आला आणि म्हणाला, "आई, चावी तुझ्याकडेच राहू दे." बाईंनी होकाराची मान हलवली, त्याच्याकडे न बघता.

कानसेननं बोल्ट पुन्हा आवळला. मग हातोडी काढून बाईंना म्हणाला, "ऐका." त्यानं सहाच्या सहा ठोकले आणि दर टिचकीला त्यांच्याकडे बघितलं. बाई दर वेळी मान हलवत गेल्या. चौथ्याला म्हणाल्या, "परत मारा." त्यानं मारली. "हं. टण."

मुलगा शेजारी जाऊन बसला. बाईंनी गाडी मागे घेतली आणि दाराशी थांबवली. काचेतून त्या कानसेनला काहीतरी म्हणाल्या. इंजिन चालू होतं, त्यांचं तोंड अर्धं वळलेलं होतं, ओठ दिसले नाहीत. कानसेनची मान आपोआप डोलायला निघाली.

ती त्यानं आवरली. खिडकीपाशी गेला. "ऐकू आलं नाही, बाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

बाईंनी इंजिन बंद केलं आणि तोंड त्याच्याकडे केलं.

"विचारलं, आणखी किती गाड्या?"

हा प्रश्न त्याच्या मनात आला नव्हता असं नाही. दहा दिवस तो दाराशी येऊन उभा होता आणि कानसेन त्याला आत घेत नव्हता. चार वर्षं. रोज दोन, कधी तीन. प्रत्येकीचे बोल्ट ठोकलेले, सगळे टण.

बाईंनी पर्स उघडून वही काढली. लिहिलेली पानं अलगद फाडून स्वतःकडे ठेवली आणि उरलेली कोरी वही पेनासकट खिडकीतून त्याच्या हातात दिली. "आठवून आठवून लिहा," त्या म्हणाल्या. "तारीख आठवली तर तारीख टाका." मग गाडी निघाली, कोपऱ्यावर डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

कानसेन लाकडी स्टुलावर बसला. वही गुडघ्यावर उघडली आणि पेन धरून बसून राहिला. मग टॅक्सीवाला त्याच्यासमोर येऊन उकिडवा बसला, ओठ नीट दिसतील असा, आणि हळूच म्हणाला, "माझी लिही पहिली."